मोरीतला ढाण्या: एका रात्रीच्या आवाजाचा छडा

कार्तिकातली सकाळ. साडेसहा वाजता बारावीतल्या एका विद्यार्थ्याचा व्हॉट्सॲपवर निरोप आला, "मॅडम, ऐका आणि लगेच सांगा." खाली दोन रेकॉर्डिंग होती. एक आठ दिवसांपूर्वीचं, दुसरं आदल्या रात्रीचं.

पहिलं मी चहा गाळता गाळता ऐकलं आणि ओळखलं. कोरडं लाकूड करवतीनं कापावं तसा आवाज: खर्र-खुर्र, खर्र-खुर्र, मग शांतता. जुन्नर तालुक्यात राहणाऱ्या कुणालाही हा आवाज समजावून सांगावा लागत नाही. बिबट्या. दुसरं लावलं आणि चहा तसाच राहिला. त्यात करवत नव्हती. खोल, जाड, घुमणारा हुंकार होता, एकामागून एक नऊ वेळा. फोनच्या बारक्या स्पीकरवरही पोटात काहीतरी हललं. पाठोपाठ मुलाचा दुसरा निरोप आला: "आप्पा म्हणतात ढाण्या आलाय."

आप्पा म्हणजे त्याचे आजोबा. आमच्याकडे गावात नुसतं 'वाघ' म्हटलं तर तो बिबट्याच असतो. पट्टेरी वाघाला ढाण्या म्हणायचं. आणि आप्पा ढाण्या म्हणाले याला वजन होतं, कारण हा माणूस पन्नास वर्षं उसाला रात्रीचं पाणी देतोय आणि बिबट्याच्या आवाजानं त्यांची झोपही मोडत नाही.

दुपारपर्यंत वस्तीवरच्या सात घरांनी ठरवलं की रात्री दारं धरायला, म्हणजे उसाला पाणी द्यायला, कुणी जायचं नाही. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रपाळीची होती, म्हणजे ऊस वाळणार. दोन घरांनी पोरं शाळेत पाठवली नाहीत. पिंजरा लावा म्हणून वनखात्याकडे फोन गेले. या भीतीला हसणारा माणूस मला आवडत नाही. आमच्या भागात बिबट्यानं माणसं मारली आहेत, मुलं मारली आहेत, आणि वस्तीवर राहणाऱ्या प्रत्येकाला त्यातलं एखादं नाव माहीत असतं. पण पिंजऱ्याचीही इथे एक कथा आहे. २००० नंतरच्या दोन-तीन वर्षांत जुन्नर भागातले पुष्कळ बिबटे पकडून दुसरीकडे सोडले गेले, आणि त्यानंतर माणसांवरचे हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वाढले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हे मांडलं. म्हणून नुसत्या आवाजावरून पिंजरा लावू नये असं मला मनापासून वाटत होतं. आधी आवाज कुणाचा ते ठरायला हवं होतं.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, त्यामुळे त्या दिवशी तास संपवून थेट वस्तीवर गेले.

पडवीतली मांजर

आप्पांच्या पडवीत सात-आठ माणसं बसली होती. मी खाली बसले तशी घरची करडी मांजर आज्जीच्या मांडीवरून उठून माझ्या मांडीवर आली आणि घुरघुरायला लागली. मुलानं पहिलं रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. बिबट्याची करवत आणि मांडीवर मांजर, दोन्ही एकदम ऐकताना तो मुलगा म्हणाला, "मॅडम, हे सारखंच आहे की. मांजर पण श्वास घेताना आणि सोडताना दोन्हीकडे आवाज करतेय."

मला त्याचा फार आनंद झाला. त्यानं बरोबर ऐकलं होतं. बोलताना आपण श्वास सोडतो आणि त्यावर आवाज स्वार करतो. आत घेताना बोलून बघा, नीट जमत नाही. मांजराची घुरघुर मात्र श्वासाच्या दोन्ही फेऱ्यांत चालू राहते, म्हणून ती अखंड वाटते. बिबट्याची करवतही दोन्ही फेऱ्यांची: 'खर्र' बाहेर, 'खुर्र' आत. करवतही पुढे-मागे दोन्हीकडे आवाज करते, म्हणून तर ती उपमा सगळ्यांना सुचते.

पण साम्य तिथेच संपतं. मी मुलाचा तळवा मांजराच्या गळ्याखाली धरला. घुरघुर कानांपेक्षा हाताला जास्त कळते, कारण ती फार खालच्या सुरातली आहे. सेकंदाला वीस ते तीस कंपनं. पुरुषाचा बोलण्याचा आवाज साधारण १०० ते १५० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तितकी कंपनं, असतो. चार किलोचं जनावर, त्याच्या गळ्यातल्या स्वरतंतूंची लांबी बोटाच्या पेराएवढीसुद्धा नाही, आणि ते आपल्यापेक्षा कितीतरी खालचा सूर लावतं. तंबोऱ्याच्या तारेइतक्या जाडीची तार हवी तिथे शिवणाच्या दोऱ्यानं काम भागवल्यासारखं हे आहे.

हे कसं जमतं याचं बरीच वर्षं सांगितलं जाणारं उत्तर असं होतं: मेंदू घशातल्या स्नायूंना सेकंदाला वीस-तीस वेळा 'आवळ, सोड, आवळ, सोड' अशी आज्ञा देतो. २०२३ मध्ये व्हिएन्नातल्या ख्रिश्चन हर्बस्ट यांच्या गटानं याला धक्का दिला. आजारपणामुळे ज्यांना मरण द्यावं लागलं अशा आठ पाळीव मांजरांची स्वरयंत्रं त्यांनी मालकांच्या संमतीनं घेतली, बाहेर काढून त्यांतून ऊबदार ओलसर हवा फुंकली. ना मेंदू, ना मज्जातंतू, ना स्नायूंची आकुंचनं. तरीही २५ ते ३० हर्ट्झची घुरघुर उमटली. स्वरतंतूंत रुतलेल्या जाडसर गाद्या त्यांना दिसल्या. गादीनं वजन वाढतं, आणि वजनदार पट्टी सावकाश हलते. जिवंत मांजर स्नायू वापरतच नाही असं यावरून ठरत नाही, पण त्यांच्याशिवायही घसा हे करू शकतो एवढं नक्की झालं.

'स्वरतंतू' हा आपल्या पाठ्यपुस्तकातला शब्द मला मुळातच खटकतो. तंतू म्हटलं की डोळ्यासमोर वीणेच्या तारा येतात. प्रत्यक्षात त्या ओल्या, मऊ पट्ट्या असतात, श्वासनळीच्या तोंडावर दोन बाजूंनी आलेल्या ओठांसारख्या. हवेच्या दाबानं त्या उघडतात, मिटतात, फडफडतात. या लेखातलं जवळजवळ सगळं त्या पट्ट्या किती लांब, किती जाड आणि कोणत्या आकाराच्या आहेत यावर अवलंबून आहे.

झोपाळ्याची रबरी कडी

पडवीतल्या एका गृहस्थांनी विचारलं, "मग मांजराला डरकाळी का फोडता येत नाही? लहान आहे म्हणून?"

हा समज घराघरांत आहे आणि तो चुकीचा आहे. अमेरिकेतला प्युमा घ्या. मोठा नर ८०-९० किलोच्या पुढे जातो, आपल्याकडच्या बहुतेक बिबट्यांहून जड. तो किंचाळतो, शिटीसारखे आवाज काढतो, मांजरासारखा घुरघुरतो, पण डरकाळी फोडत नाही. आपला पन्नास-साठ किलोचा बिबट्या फोडतो. २०२२ च्या सप्टेंबरात नामिबियातून आठ चित्ते कुनोत आले तेव्हा माझे विद्यार्थी विचारत होते, चित्ता कसा गरजतो. चित्ता पाखरासारखा चिवचिवतो आणि खूश असला की घुरघुरतो. आकारानं तो बिबट्याच्या बरोबरीचा, घशानं मांजराच्या घरातला.

याचं जुनं उत्तर एका हाडात शोधलं गेलं. जिभेच्या मुळाशी हायॉइड नावाची हाडांची छोटी साखळी असते. ती कवटीच्या तळापासून, कानामागून खाली येते आणि जीभ व स्वरयंत्र यांना झोपाळ्यासारखं टांगून धरते. मांजर, रानमांजर, चित्ता, प्युमा यांच्यात झोपाळ्याच्या सगळ्या कड्या हाडाच्या. सिंह, वाघ, बिबट्या आणि जॅग्वार यांच्यात मात्र मधली एक कडी हाडाऐवजी लवचीक पट्ट्याची असते. रिचर्ड ओवेन यांनी १८३४ मध्ये सिंहात हे नोंदवलं. १९१६ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयाचे प्रमुख आर. आय. पोकॉक यांनी त्यावरून मार्जारकुळाची विभागणीच मांडली: लवचीक कडीवाले गरजणारे, हाडाच्या कडीवाले घुरघुरणारे. हेच पोकॉक पुढे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलमध्ये आपल्याकडच्या वाघ-बिबट्यांवर लिहीत होते.

लवचीक कडीचा उपयोग काय, ते स्वतःवर करून बघता येतं. गळ्यातल्या घाटीवर, म्हणजे कंठमण्यावर, बोट ठेवा आणि आवंढा गिळा, घाटी वर जाते. आता जांभई देत देत बोला. घाटी खाली उतरते आणि आवाज भरदार होतो, कारण घाटीपासून ओठांपर्यंतची नळी लांबली. सनईपेक्षा कर्णा खालच्या सुरात का वाजतो, त्याचंच हे कारण. वाघ-सिंहांत स्वरयंत्र मुळातच खाली असतं आणि गर्जना करताना स्नायू ते छातीच्या हाडाकडे आणखी खाली ओढतात. झोपाळ्याची कडी रबरी असल्याशिवाय एवढं ओढता येत नाही. नळी लांब झाली की ऐकणाऱ्याच्या कानाला जनावर आहे त्याहून मोठं भासतं.

ही मांडणी इतकी नेटकी आहे की आजही कित्येक पुस्तकांत ती एकटीच सापडते. आणि ती हिमबिबट्यापाशी मोडते.

लडाख आणि स्पितीत राहणारा हिमबिबट्या लवचीक कडीवाला आहे. जनुकं तपासली तर त्याचं सगळ्यांत जवळचं नातं वाघाशी निघतं. पोकॉकच्या हिशेबानं त्यानं डोंगर हादरवायला हवेत. तो गरजत नाही. विव्हळल्यासारखी लांब हाक देतो, आणि ओळखीच्याला भेटला की वाघासारखंच नाकातून 'फुर्र' करतो. त्याची कडी लवचीक आहे, मग अडलं कुठे?

१९८९ मध्ये माल्कम हास्ट यांनी मार्जारकुळातल्या चौदा जातींच्या प्राण्यांची स्वरयंत्रं उघडून पाहिली. गरजणाऱ्यांच्या स्वरतंतूंत त्यांना तंतुमय, लवचीक ऊतींची जाड गादी दिसली आणि पट्ट्याही खूप मोठ्या, सलग दिसल्या. हिमबिबट्यात ती गादी नव्हती. म्हणजे त्याला कर्णा मिळाला, पण फुंकायला तसे ओठ मिळाले नाहीत. २००२ मध्ये वाइसेनग्रुबर, टेकुमसे फिच आणि इतरांनी सिंह, वाघ, जॅग्वार, चित्ता आणि घरचं मांजर यांचे घसे शेजारी शेजारी ठेवून तपासले, आणि गरजणं-न गरजणं एकट्या हायॉइडच्या कडीवर टाकता येत नाही या मताला त्यानंतर बळ आलं.

२०११ मध्ये सारा क्लेमुक, टोबियास रीड, इंगो टित्झ प्रभृतींनी वाघ-सिंहांचे स्वरतंतू ताणून, दाबून, मोजून पाहिले. त्यांना आढळलं ते मला अजूनही सुंदर वाटतं. पट्टीच्या आत चरबी आहे, आणि चरबीमुळे तिची हवेकडची कड टोकदार न राहता चौकोनी, सपाट झाली आहे. अशी सपाट कड हवेच्या झोताला सहज दाद देते. त्यामुळे फुप्फुसांनी फार जोर न लावता प्रचंड आवाज निघतो. वाघ-सिंहांची डरकाळी साधारण ४० ते २०० हर्ट्झच्या पट्ट्यात असते. म्हणजे सूर काही पाताळातला नाही, माणसाच्या आवाजापर्यंत येतो. तिला भयंकर करतो तो जोर आणि खरखर. पट्ट्या बेशिस्त हलतात, बाळ हमसून रडताना आवाज फाटतो तशा. इंगो टित्झ यांनीच सिंहाच्या डरकाळीची तान्ह्याच्या रडण्याशी तुलना केली आहे. दोघांनाही एकच काम करायचं असतं: ऐकणाऱ्याला दुर्लक्ष करू न देणं.

पडवीत एवढं सगळं मी एका दमात सांगितलं नाही. पण दोन गोष्टी सांगितल्या: आवाज तयार करतात त्या पट्ट्या, आणि त्याला रंग चढवते ती पुढची नळी. आप्पा ऐकत होते. मग म्हणाले, "ते समदं खरं असंल मॅडम. पर काल मी ऐकलं ते बिबट्याच्या नरड्यातलं न्हवतं."

नऊ हुंकार

त्यांच्या कानावर माझा विश्वास होता. म्हणून दोन्ही रेकॉर्डिंग कॉलेजच्या संगणकावर घेतली, ऑडॅसिटी हे आवाज तपासायचं सॉफ्टवेअर उघडलं आणि आलेख काढले. फोनचा माईक माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला, खालचे सूर तो पातळ करतो, त्यामुळे खोली-भारदस्तपणावर निकाल द्यायचा नाही हे मी आधीच ठरवलं होतं. बघायचं ते काळ: कितीवर सुरू झालं, कितीवर थांबलं.

वाघाची लांब हाक 'आ-ऊंऽऽऽ' अशी असते, चढते, लांबते, उतरते. दोन हाकांमध्ये दमसास. सिंहाची मालिका हळू सुरू होते, मोठ्या गर्जना येतात आणि शेवटी आखूड हुंकारांवर उतरते. बिबट्याची करवत मात्र श्वासाच्या ठेक्यावर चालते, लोहाराच्या भात्यासारखी.

पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये तेरा सेकंदांत बारा फेऱ्या होत्या. दुसऱ्यात दहा सेकंदांत नऊ हुंकार. जवळजवळ तोच ठेका. आणि आलेख मोठा करून पाहिला तेव्हा प्रत्येक दोन हुंकारांच्या मध्ये एक फिकट पट्टा दिसला. आदल्या हुंकाराच्या घुमण्याखाली दबलेला, कानाला अजिबात न कळणारा. आत घेतलेला श्वास. 'खुर्र'.

मी ते विद्यार्थ्याला दाखवलं. तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मॅडम, म्हणजे पट्ट्या बिबट्याच्याच. नळी दुसऱ्याची."

मी त्याला विचारलं, काल आवाज नेमका कुठून आला?

मोरी

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही गेलो. सोबत वनरक्षक होते आणि आप्पाही होते. आप्पांच्या शेताच्या कडेनं डांबरी रस्ता जातो आणि त्याखालून ओढ्याची मोरी. सिमेंटचे तीन पाईप टोकाला टोक जोडलेले, एकूण साडेसात मीटर लांबी, आत माणूस वाकून चालेल एवढा घेर. कार्तिकात ओढा आटलेला, तळाशी फक्त ओलसर गाळ. मोटरची खोली मोरीच्या तोंडापासून सत्तर पावलांवर, पण तोंडासमोर नाही, बाजूला. आप्पा आणि नातू त्या रात्री तिथेच बसले होते.

आधी लांबून, दोन्ही बाजूंनी बॅटरी मारून मोरी रिकामी असल्याची खात्री केली. बिबटे अशा मोऱ्यांचा ये-जा करायला आणि दिवसा निजायलाही उपयोग करतात, त्यामुळे हे केल्याशिवाय कुणी जवळ जाऊ नये. मग गाळात वाकून पाहिलं. पायाचे ठसे होते, ताजे, कडा अजून न ढासळलेल्या. गोलसर ठसा, पुढे चार बोटं, नखांच्या खुणा नाहीत, मागच्या गादीला खालून तीन फुगवटे. वनरक्षकांनी पट्टी लावली: रुंदी साडेसात सेंटीमीटर. पूर्ण वाढलेल्या वाघाचा पंजा याच्या दीडपट तरी भरला असता. ठसे मोरीच्या एका तोंडातून आत जात होते आणि मधल्या पाईपच्या सांध्यापाशी जनावर थांबलं असावं, कारण तिथे ते एकावर एक पडले होते.

वनरक्षकांचं तिथेच समाधान झालं. आप्पांचं झालं नाही. "ठसा बिबट्याचा हाय, मान्य. पर त्यानंच आवाज दिला कशावरून?"

प्रश्न रास्त होता. बिबट्याचं रेकॉर्डिंग मोठ्या स्पीकरवर मोरीत वाजवून बघता आलं असतं, पण तसं करायचं नसतं. खऱ्या बिबट्याला ते आपल्या हद्दीत घुसलेल्या परक्याचं आव्हान वाटतं, आणि ऊस तिथून दहा पावलांवर होता. मी गप्प उभी होते. तेवढ्यात नातू घरी पळाला आणि येताना खांद्यावर करवत आणि बाभळीचा एक ओंडका घेऊन आला.

आम्ही ओंडका मोरीच्या आत, हात पोचेल तितका ढकलून टेकवला. पोरगं वाकून कापायला लागलं. मी आणि आप्पा मोटरच्या खोलीपाशी जाऊन, आप्पा त्या रात्री बसले होते त्याच दगडावर बसलो.

आधी काहीच वेगळं वाटलं नाही. मग त्याचा हात बसला, ठेका लागला, आणि मोरीनं तो आवाज उचलला. करवतीची खरखर गेली. उरला तो हुंकार. हूं, हूं, हूं. भर दुपारी माझ्या हातावर काटा आला. आप्पांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि मान कलती करून ऐकत राहिले.

हे का होतं ते सांगते. लांब पोकळ नळीत हवेचा स्तंभ स्वतःच्या सुरांवर घुमतो. नळी जितकी लांब तितके ते सूर खालचे. साडेसात मीटरच्या, दोन्ही तोंडं उघड्या पाईपचा पहिला सूर साधारण २३ हर्ट्झ, आणि त्याच्या पटीतले पुढचे: ४६, ६९, ९२ असे. म्हणजे आवाजाचा जो खालचा भाग एरवी हवेत विरून गेला असता त्याला मोरीनं टेकू दिला. उलट खरखरीतले वरचे सूर पाईपच्या तोंडातून बॅटरीच्या झोतासारखे सरळ जातात, बाजूला वळत नाहीत. आप्पा बाजूला बसले होते. त्यांच्यापर्यंत पोचला तो फक्त चारी दिशांना पसरणारा खालचा भाग. आणि सिमेंटच्या भिंतींवर आपटून आपटून एक हुंकार दुसऱ्यात मिसळला, तेव्हा मधला 'खुर्र' बुडाला.

वाघ घसा खाली ओढून जे थोडंसं करतो, ते मोरीनं बिबट्यासाठी पुष्कळ केलं होतं. पण मोरी रंग बदलते, ठेका बदलत नाही. ठेका फुप्फुसं ठरवतात, त्या नळीत कुणीही शिरो.

आप्पा उठले, मोरीच्या तोंडाशी गेले, वाकले आणि आत बघून म्हणाले, "असं हाय होय." मग नातवाला, "पुरं आता, करवतीचे दात जातील."

त्यानंतर

पिंजरा लागला नाही. याचं श्रेय माझ्या आलेखांना नाही, वनरक्षकांना आहे. ते त्या संध्याकाळी सातही घरी जाऊन बसले, लोकांचं ऐकलं आणि ज्या गोष्टी करायला हव्यात त्या सांगितल्या. गोठ्याला चारी बाजूंनी जाळी, रात्री शेळ्या बाहेर नकोत, दारं धरायला जाताना एकट्यानं जायचं नाही, बोलत किंवा मोबाईलवर गाणी लावत जायचं, आणि अंधारात वाकून बसायचं नाही. मी त्यात एकाच गोष्टीची भर घातली. करवत देणारा बिबट्या आपली हद्द सांगत असतो किंवा जोडीदार शोधत असतो. शिकारीला निघालेला बिबट्या आवाज करत नाही. म्हणून आवाज आला की घाबरून काळजी घ्यायची आणि शांत असलं की निर्धास्त व्हायचं, हा हिशेब उलटा आहे. काळजी दोन्ही रात्री सारखीच घ्यायची.

हे ऐकून एक बाई म्हणाल्या, मग आवाज आला तर बरंच की, कुठे आहे ते तरी कळतं. त्यांच्या धाकट्या मुलीनं त्या दिवशी शाळेत जायचं कबूल केलं होतं, तिच्या मोठ्या भावासोबत.

बिबट्या इथून जाणार नाही, हेही मी सांगितलं. तो उसात राहतो, उसात पिलं देतो. शेजारच्या अकोले तालुक्यात, ना अभयारण्य ना दाट जंगल अशा शेतीच्या खोऱ्यात, दर १०० चौरस किलोमीटरला जवळजवळ पाच मोठे बिबटे आहेत असं अत्रेयांच्याच गटानं २०१३ मध्ये कॅमेरे लावून दाखवलं होतं. वस्तीवर कुणालाच याचं आश्चर्य वाटलं नाही.

विद्यार्थ्यानं या सगळ्याचा प्रकल्प केला. पहिल्या पानावर त्यानं घरच्या मांजराचं चित्र काढलं आणि शेवटच्या पानावर मोरीचं. मधल्या पानावर दोन घसे शेजारी शेजारी होते. बिबट्याच्या झोपाळ्यातली एक कडी त्यानं लाल रंगवली होती आणि स्वरतंतूंमधल्या गाद्या पिवळ्या. हिमबिबट्यासाठी त्यानं तिसरा घसा काढला, लाल कडी असलेला आणि पिवळा रंग नसलेला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्यालाच सर्वांत जास्त वेळ प्रश्न विचारले.

पंधरा दिवसांनी रात्री साडेअकराला माझा फोन वाजला. आप्पा होते. मागे मोटरचा आवाज येत होता, म्हणजे ते पाण्यावर होते, आणि दूर कुठेतरी, फोनवरही ऐकू येईल असं, खर्र-खुर्र चाललं होतं.

"मॅडम, आज उघड्यावर हाय," ते म्हणाले. "आत घेतल्याला पण ऐकू येतोय. अकरा वेळा झालं."